आकडा उन्हात दिसला पाहिजे

उसाची ट्रॉली वजनकाट्यावर चढली की ट्रॅक्टरचालक, काट्यावरचा कारकून आणि शेतकरी अशा तिघांची नजर एकाच जागी जाते, लाल आकड्यांवर. त्या पाटीवर रंगीत चित्र नसते, कारखान्याचे बोधचिन्ह नसते, सरकणारी अक्षरे नसतात. पाच-सहा मोठे आकडे असतात आणि ते भर दुपारी केबिनमधून वाचता येतात. दूध संकलन केंद्रावरही तेच. फॅट, एसएनएफ, लिटर, दर हे आकडे किटली हातात धरून खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसतील असे. कळस गावाहून बारामतीकडे जा नाहीतर इंदापूरकडे, ऊस आणि दूध या दोन धंद्यांनी इलेक्ट्रॉनिक डिस्प्ले कसा असावा हे या भागाला केव्हाच शिकवून ठेवले आहे. तरीही टाकीची पातळी, गोठ्यातले तापमान किंवा विहिरीवरची मोटार चालू आहे की बंद हे दाखवणारे यंत्र घरी जुळवायला बसलेला विद्यार्थी पहिली खरेदी करतो ती इंचभराच्या चकचकीत स्क्रीनची. सप्लायचा विचार सगळ्यात शेवटी, ड्रॉवरमध्ये जो चार्जर सापडेल त्याच्यावर. मग टेबलावर छान चाललेले यंत्र शेतावर नेले की दोन दिवसांत गप्प बसते आणि दोष प्रोग्रामला दिला जातो. डिस्प्ले आणि सप्लाय या दोन वेगळ्या खरेद्या नाहीत. ती एकच निवड आहे, आणि तिची सुरुवात दुकानात होत नाही, यंत्र जिथे टांगायचे त्या भिंतीपाशी होते.

यंत्र कुठे बसणार हे ठरले की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. स्टार्टरच्या पेटीशेजारी, पोल्ट्रीच्या शेडमध्ये, घराच्या पडवीत की टाकीच्या खांबावर? वाचणारा किती लांब उभा राहणार? ढोबळ हिशेब असा धरावा की अक्षराच्या उंचीच्या अडीचशे ते तीनशे पट अंतरावरून ते धड नजरेच्या माणसाला सहज वाचता येते. आजोबांनीही वाचायचे असेल तर अंतर निम्मे धरा. नेहमीच्या सोळा बाय दोनच्या एलसीडीवरचे अक्षर साधारण ५ मिलिमीटर उंच असते, म्हणजे सव्वा ते दीड मीटर. अर्ध्या इंचाहून किंचित मोठा, ०.५६ इंची सेव्हन सेगमेंट आकडा १४ मिलिमीटरचा, म्हणजे साडेतीन-चार मीटर. आणि विद्यार्थ्यांच्या आवडीचा ०.९६ इंची ओलेड? त्याचे ६४ ठिपके जेमतेम ११ मिलिमीटर उंचीत बसवलेले असतात. आठ ठिपक्यांचे अक्षर घेतले तर त्याची उंची १.३ मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे वाचणाऱ्याने नाक यंत्राला टेकवायचेच बाकी राहते. मोठा फॉन्ट वापरता येतो हे खरे, पण मग एका वेळी एकच आकडा मावतो, आणि एकच आकडा दाखवायचा असेल तर त्यासाठी याहून सोपी साधने आहेत.

अंतरानंतर उजेड. घरात ट्यूबखाली दोन-तीनशे लक्स उजेड असतो, उन्हाळ्यातल्या उघड्या रानात तो १ लाख लक्सच्या घरात जातो. स्वतः उजळणारे डिस्प्ले, म्हणजे ओलेड, मागून दिवा लावलेली रंगीत टीएफटी, साधे एलईडी, हे सगळे या उन्हाशी झुंजत असतात आणि बहुतेक हरतात. याउलट परावर्तनावर चालणारे डिस्प्ले, म्हणजे पूर्वीच्या नोकिया ५११० फोनमधली एलसीडी किंवा ई-पेपर, ऊन जितके कडक तितके स्पष्ट दिसतात, पण रात्री त्यांना बाहेरून दिवा लागतो. सोळा बाय दोनची एलसीडी घेताना तर याचा फायदा पैसा न खर्चता मिळतो. बाजारात तिचे दोन अवतार असतात, निळ्या पाटीवर पांढरी अक्षरे आणि पोपटी पाटीवर काळी अक्षरे. पिना त्याच, प्रोग्राम तोच. काउंटरवर निळी उठून दिसते म्हणून तीच खपते. पण निळीची अक्षरे मागच्या दिव्याच्या जिवावर दिसतात आणि उन्हात पुसली जातात. पोपटीची अक्षरे दिवा बंद असतानाही दिवसा वाचता येतात. रानातल्या यंत्राला पोपटीच घ्यावी, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

सेव्हन सेगमेंटला उन्हात वाचवण्याची युक्ती जुनी आहे. समोर लाल पारदर्शक ॲक्रिलिकची काच आणि वर दोन-तीन इंचांची पत्र्याची झापड. लाल काचेतून आकड्याचा लाल उजेड बाहेर येतो, पण उन्हातला बाकीच्या रंगांचा उजेड आत जाऊन परत येताना अडतो, त्यामुळे न पेटलेले सेगमेंट काळे राहतात. टीएम १६३७ या चिपवर बनवलेले चार आकडी मॉड्यूल दोनच तारांवर चालते आणि त्याचा उजेड कमी-जास्त करायला आठ पायऱ्या असतात. दिवसा पूर्ण, रात्री अगदी मंद. टाकी किती टक्के भरली, गोठ्यात किती अंश, हौदात किती सेंटिमीटर पाणी, एवढेच सांगायचे असेल तर याच्यापुढे जाण्याची गरज क्वचितच पडते. ई-पेपरबद्दल मात्र सावध करायला हवे. एकदा उमटलेले चित्र वीज गेली तरी तसेच राहते, हा त्याचा गुण मोहात पाडणारा आहे. पण काळा-पांढरा ई-पेपर बदलायला साधारण दोन सेकंद घेतो, तीन रंगी दहा-पंधरा सेकंद, आणि बहुतेक हौशी मॉड्यूलची तापमानमर्यादा शून्य ते ५० अंश असते. हवा ४२ अंश असताना उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत साठ सहज होतात. साध्या एलसीडीलाही हीच ५० अंशांची मर्यादा असते. ती ओलांडली की पाटी काळवंडते आणि संध्याकाळी पुन्हा शुद्धीवर येते. सत्तर अंशांपर्यंत चालणारी एलसीडी मिळते, ती मागून घ्यावी, नाहीतर पेटी उत्तरेकडच्या भिंतीला लावावी. दुसरा उपाय फुकट आहे.

आता या डिस्प्लेंची भूक. पोपटी एलसीडी मागचा दिवा बंद असताना १-२ मिलिअँपिअरवर जगते, दिवा लावला की वीस-तीस, काही मॉड्यूलमध्ये त्याहून बरेच जास्त. नोकियाची एलसीडी दिव्याशिवाय पाव मिलिअँपिअरही घेत नाही. ओलेड किती ठिपके पेटले त्यावर वीसच्या आगेमागे. चार आकडी सेव्हन सेगमेंट तीस ते ऐंशी. अडीच इंची टीएफटीचा मागचा दिवा एकटाच ऐंशीच्या पुढे जाऊ शकतो. मॅक्स ७२१९ वर चालणारे आठ आकडे किंवा आठ बाय आठचा ठिपक्यांचा चौकोन सगळा पेटवला तर तीनशेच्या पुढे. आणि दुकानांच्या पाट्यांवर अक्षरे सरकवणारे पी-१० पॅनेल? ३२ बाय १६ असे ५१२ एलईडी, आकार ३२ बाय १६ सेंटिमीटर, आणि सगळे पेटले तर ५ व्होल्टवर ४ अँपिअरच्या आसपास, म्हणजे २० वॅट. गावच्या जत्रेत किंवा दुकानावर, जिथे घरची लाईट आहे तिथे ते शोभते. दोन-दोन पॅनेलमागे सप्लायच्या जाड तारा वेगळ्या न्याव्या लागतात, नाहीतर शेवटच्या पॅनेलचा रंग फिका पडतो. तेच पॅनेल मोटारसायकलएवढ्या बॅटरीवर रानात लावायचे म्हटले तर दोन तासांत खेळ खलास. म्हणून म्हटले, डिस्प्ले पसंत केला की सप्लायचे निम्मे आकडे तुम्ही न कळत लिहून मोकळे झालेले असता.

उरलेले निम्मे आकडे महावितरण लिहिते. कागदोपत्री घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, सहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे २१६ ते २४४. डीपीपासून लांबच्या वस्तीवर, आजूबाजूच्या मोटारी एकदम सुरू झाल्यावर मीटर लावून पाहा, १७० दिसले तरी दचकू नका. शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. ती आली की ज्यांनी मोटार आपोआप सुरू करणारे ऑटो लावलेले आहेत त्या सगळ्यांच्या मोटारी एका दमात उचलतात. नेमक्या त्याच क्षणी तुमच्या यंत्राने आकडा दाखवायचा असतो. इथे कॉलेजच्या प्रयोगवहीतला सप्लाय, म्हणजे ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ५ व्होल्ट स्थिर ठेवणारी ७८०५ चिप, कसा कोसळतो ते पाहण्यासारखे आहे. २३० व्होल्टला ९ व्होल्ट एसीचे शिखर १२.७, डायोडमध्ये १.४ गेले, राहिले ११.३. तीनशे मिलिअँपिअर ओढले तर दोन शिखरांच्या मधल्या सेकंदाच्या शंभराव्या भागात कपॅसिटर ३ व्होल्ट खाली येतो, म्हणजे तळ ८.३. ७८०५ ला धड चालायला ७ लागतात, तेव्हा ठीक. आता लाईट १७० वर आणा. शिखर ८ व्होल्ट, तळ ५. त्यातून ५ व्होल्ट बाहेर कुठून येणार? एलसीडीची अक्षरे दर वेळी मोटार उचलताना फिकी होतात ती यामुळे. यावर १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावा असे कोणी सुचवेल. लावा, पण मग नेहमीच्या वेळी ७८०५ वर सरासरी नऊ व्होल्ट जास्तीचे पडतात आणि तीनशे मिलिअँपिअरला दोन वॅटहून जास्त उष्णता होते. हीटसिंक नसलेला ७८०५ एका वॅटला साठ-पासष्ट अंशांनी तापतो. म्हणजे तो आतल्या संरक्षणाने बंद पडणार, थंड झाला की चालू होणार, पुन्हा बंद पडणार. रात्री भार कमी होऊन व्होल्टेज २६० वर गेले की १६ व्होल्टवाला कपॅसिटर फुगतो ते वेगळेच.

ट्रान्सफॉर्मरची बाजू घेणारे म्हणतील की तो दणकट आहे, विजेचा कडकडाट सोसतो, दुरुस्त करता येतो. यात तथ्य आहे, आणि ऑडिओच्या कामात मी आजही त्याचीच बाजू घेईन. पण एका छोट्या यंत्रासाठी, जिथे व्होल्टेज १७० ते २६० मध्ये हिंदकळते, तिथे मोबाईलच्या चार्जरसारखा एसएमपीएस अडॅप्टर सरळ जिंकतो. त्याच्यावर इनपुट १००–२४० व्होल्ट असे छापलेले असते आणि १७० त्याच्या खिजगणतीत नसते. वरच्या बाजूला मात्र त्याला आधार हवा, न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजवर चारशेच्या जवळपास व्होल्टेज येऊ शकते. आधी फ्यूज आणि त्याच्या पुढे फेज-न्यूट्रलमध्ये जास्तीचे व्होल्टेज अडवणारा २७५ व्होल्टचा एमओव्ही एवढी जोडी लावली तर अशा वेळी फ्यूज जातो आणि अडॅप्टर वाचण्याची आशा राहते. आणि न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगच्या सळईवरून तो उचलण्याची जी रीत काही पेट्यांमध्ये दिसते, ती यंत्रासाठी तर नाहीच, कशासाठीही नको. सळई कोरडी पडली की व्होल्टेज कुठेही तरंगते आणि तीच सळई माणसाला झटका देते.

नवा अडॅप्टर विकत घ्यायच्या आधी घरातला जुना पाहा. बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा १२ व्होल्ट १ किंवा २ अँपिअरचा अडॅप्टर, जुन्या मोबाईलचा ५ व्होल्टचा कंपनीचा चार्जर, हे बाजारातल्या बिननावाच्या नव्या मालापेक्षा बहुतेक वेळा चांगले निघतात. पिनेचा मधला भाग प्लस आहे ना, एवढे मीटरने पाहून घ्यावे. नवा घ्यायचाच तर त्यावर बीआयएसची नोंदणीखूण आणि ‘आर’ ने सुरू होणारा क्रमांक आहे का ते बघा. इथे एक गैरसमज आडवा येतो: जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावला तर सर्किट जळेल. जळत नाही. पाण्याच्या टाकीची उंची म्हणजे व्होल्ट, आणि टाकी कितीही मोठी असली तरी नळाला जेवढी चावी सोडली तेवढेच पाणी येते. ५ व्होल्ट ३ अँपिअरच्या अडॅप्टरमधून तुमचे सत्तर मिलिअँपिअरचे यंत्र सत्तरच ओढणार. उंची मात्र चुकवून चालत नाही, ५ च्या जागी १२ दिले तर डिस्प्लेचा धूर निघेल. पॉवर बँकेचा प्रकार गमतीचा आहे. यंत्र फार कमी वीज घेत असेल तर फोन भरला असे समजून ती स्वतःच बंद पडते. जितके काटकसरी यंत्र, तितकी ती निकामी.

स्वस्ताईच्या नादात आणखी एक सर्किट पुढे केले जाते आणि त्याबद्दल सौम्य बोलणे शक्य नाही. ट्रान्सफॉर्मर नको, एसएमपीएस नको, ०.४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर थेट फेजमध्ये टाकायचा, तीस-पस्तीस मिलिअँपिअर मिळतात, सेव्हन सेगमेंट पेटतो. गणित बरोबर आहे. एलईडीच्या बल्बमध्ये, बंद प्लास्टिकच्या आत, हे सर्किट चालतेही. पण त्यात विजेचे खांब आणि तुमचे सर्किट यांच्यामध्ये कसलाही पडदा नसतो. पाच व्होल्टची ग्राउंड म्हणजे कधी न्यूट्रल, प्लग उलटा बसला की फेज. त्या सर्किटची तार पाण्याच्या टाकीत पातळी मोजायला सोडली तर अख्खी टाकी, नळ आणि नळाखाली हात धुणारे पोर त्या फेजला जोडले जाते. पाण्याला, गोठ्याला, जनावराच्या दावणीला ज्याचा स्पर्श होणार ते कोणतेही यंत्र वेगळ्या केलेल्या सप्लायवरच हवे, म्हणजे धड अडॅप्टर किंवा बॅटरी. इथे दुसरे मत असू शकत नाही.

सप्लाय बरोबर निवडूनही अर्धी यंत्रे तारेत मरतात. मोबाईलच्या स्वस्त केबलमधली विजेची तार केसासारखी बारीक असते. तिच्या तीन मीटरमध्ये जाऊन-येऊन १.३ ओहमच्या आसपास अडथळा असतो, म्हणजे अर्ध्या अँपिअरला ०.६ व्होल्ट वाटेतच संपतात. अडॅप्टरपाशी ५, यंत्रापाशी ४.४. टाकी वस्तीपासून २० मीटरवर असेल आणि अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर ओढली, तर येऊन-जाऊन ४० मीटरचा अडथळा साधारण १.४ ओहम होतो. ५ व्होल्ट न्यायला ही वायर नालायक आहे. पण तिच्यातून १२ व्होल्ट न्या आणि टाकीपाशी बक कन्व्हर्टरने ५ करा, तर बकला लागणारा प्रवाह निम्म्याहून कमी होतो, आणि वाटेत पाऊण व्होल्ट गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. एलएम २५९६ चे छोटे मॉड्यूल यासाठी पुरते. कागदावर ते ३ अँपिअरचे असले तरी हौशी मॉड्यूलकडून एक-दीडच्या वर मागू नये. त्याचा स्क्रू फिरवून आधी मीटरवर ५.० आणावेत आणि मगच डिस्प्ले जोडावा. दुकानातून येताना तो स्क्रू कुठे उभा असेल याचा नेम नसतो.

डिस्प्लेच्या पंगतीला कोण बसले आहे तेही पाहावे लागते. निळ्या डबीतला ५ व्होल्टचा रिले सत्तर मिलिअँपिअर घेतो, ते परवडले. ईएसपी ३२ वाय-फायवर बोलताना २४० च्या घरात उसळी घेतो, म्हणून त्याच्या सप्लायला किमान ५०० ची तयारी हवी. सगळ्यात दांडगा पाहुणा सिम ८००एल. मोटार फोनवरून चालू करायची हौस या भागात बरीच आहे, आणि हे मॉड्यूल स्वस्त पडते. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि टॉवरशी बोलताना अर्ध्या मिलिसेकंदाएवढ्या झटक्यांत ते २ अँपिअरपर्यंत ओढते. मीटरवर हा झटका दिसत नाही, सरासरी दिसते. म्हणून ‘सप्लाय तर बरोबर आहे’ असे वाटते आणि मॉड्यूल मात्र दर वेळी रीसेट होते. त्याच्या पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि आखूड जाड तारा लागतात. ते टूजी वर चालत असल्याने जिओचे सिम त्यात निरुपयोगी आहे, ही गोष्ट खरेदीनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी. आणि स्टार्टरचा कॉन्टॅक्टर खटकन पडला की एलसीडीवर चिनी वाटावीत अशी अक्षरे उमटतात, तो भुताटकीचा प्रकार नाही. ठिणगीचा विद्युत गोंगाट एलसीडीच्या तारांत शिरून तिच्या चिपचा गोंधळ उडवतो. तारा वीतभराच्या आत ठेवणे, डिस्प्लेच्या पिनांवर ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा आणि ४७० चा मोठा कपॅसिटर लावणे, कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर ठिणगी दाबणारा स्नबर बसवणे हे खरे उपाय. त्यावर एक हिशोबी तोडगा म्हणजे प्रोग्रामनेच दर मिनिटाला एलसीडी नव्याने सुरू करणे. शुद्धतावाद्यांना हे आवडणार नाही, पण मध्यरात्री पाण्याची पाळी असताना आकडा दिसणे महत्त्वाचे. वरच्या ओळीत नुसते भरीव चौकोन दिसत असतील तर मात्र एलसीडीपर्यंत हुकूमच पोचलेला नाही. काहीच दिसत नसेल तर आधी कॉन्ट्रास्टचा प्रीसेट फिरवा, प्रोग्राम उकरू नका.

जिथे लाईटच नाही तिथे सोलर, आणि इथे डिस्प्लेची निवड थेट पॅनेलच्या आकारात उतरते. अर्डुइनो उनोचा बोर्ड ५० मिलिअँपिअर आणि दिवा लावलेली एलसीडी २५, मिळून ७५. ५ व्होल्टला हे ०.३७५ वॅट, बदलातली गळती धरून अर्धा वॅट, म्हणजे दिवसाला १२ वॅट-तास. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ८४ वॅट-तास असतात. ती टिकवायची तर निम्मेच वापरायचे, ४२. म्हणजे ऊन नसताना साडेतीन दिवस. १० वॅटचे पॅनेल मे महिन्यात हे हसत भरून काढते. परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये असते, आठवडाभर आभाळ असताना. तेव्हा पॅनेल दुप्पट करता येते, किंवा उनोऐवजी झोपी जाणारी नुसती चिप वापरून, एलसीडीचा दिवा बटण दाबल्यावर दहा सेकंदच लावून भूक दहा पटींनी उतरवता येते. दुसरा मार्ग स्वस्त आणि माझ्या मते जास्त हुशारीचा आहे. ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकले जाणारे पॅनेल प्रत्यक्षात कामावर असताना १८ च्या आसपास आणि मोकळे असताना २१-२२ व्होल्ट देते, म्हणून मध्ये चार्ज कंट्रोलर लागतोच. लिथियमचे १८६५० सेल हलके पडतात, पण ४५ अंशांच्या वर ते भरणे योग्य नाही, आणि पेटीचे तापमान तर आपण वर पाहिलेच. शिशाची बॅटरी जड आहे, पण रानात ती माझी पहिली पसंती. रिकामी पडू दिली तर ती मरते, एवढे लक्षात ठेवावे.

सगळ्यात जोरकस आक्षेप अजून राहिला. फोन खिशात असताना यंत्रावर डिस्प्ले हवाच कशाला? बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने २०२४ पासून उसात जो कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे, त्यात हवामानाची आणि मातीची माहिती शेतकऱ्याच्या मोबाईलवर जाते, बांधावरच्या पाटीवर नाही. हा आक्षेप मला बराचसा पटतो. ज्या माहितीवर घरी बसून निर्णय घ्यायचा आहे, उद्या पाणी द्यावे की परवा, तिला फोनच योग्य आणि तिथे डिस्प्लेवर वीज उधळू नये. पण मोटारीशेजारी उभ्या असलेल्या सालगड्याला, ज्याच्याकडे ते ॲप नाही, टाकी भरली की नाही हे तिथेच कळायला हवे. शिवाय घरची लाईट गेली की राउटरही जातो. अशा जागी कधीकधी सेव्हन सेगमेंटचीही गरज नसते. लाल, पिवळा, हिरवा असे तीन एलईडी, प्रत्येकी ५ मिलिअँपिअरवर, टाकी रिकामी, निम्मी, भरलेली एवढे सांगून मोकळे होतात. रंगीत टीएफटीची जागा विज्ञान प्रदर्शनाच्या टेबलावर आहे. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबमुळे अशी साधने बऱ्याच शाळांत पोचली आहेत, सभागृहात सावली असते, प्लग जवळ असतो आणि परीक्षक हातभर अंतरावर. तिथे ती खुशाल लावावी. त्याच यंत्राला नंतर रानात पाठवताना तिच्या जागी पोपटी एलसीडी बसवावी, एवढेच.

आणि त्या एलसीडीवर आकडे मराठीत दाखवायचे असतील तर तेही जमते. तिच्या चिपमध्ये देवनागरी नाही, पण आपण काढलेली आठ चिन्हे ठेवायला जागा असते, प्रत्येक पाच बाय आठ ठिपक्यांची. शून्याला इंग्रजी शून्य चालते आणि आपल्या ३ ला त्यांचा तीनही खपून जातो. उरतात १, २, ४, ५, ६, ७, ८, ९, म्हणजे मोजून आठ. चौकोनी कागदावर पाच बाय आठची घरे आखून ती काढायला एक संध्याकाळ लागते. ५ आणि ९ पहिल्या फटक्यात साधत नाहीत. ‘टाकी’ हा शब्दही हवा असेल तर जागा कमी पडते असे वाटेल, पण पडद्यावर एका वेळी तीनच आकडे असतात. तेवढेच आकडे आयत्या वेळी त्या घरांत भरायचे आणि उरलेली घरे ट, क आणि त्यांच्या काना-वेलांट्यांना द्यायची.